तिसरा चष्मा

आमचं चष्म्याचं दुकान बल्लारपूरला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझ्या जन्माआधीपासून आहे. आजही आहे, पण तिथं आता डोळे तपासले जात नाहीत. तपासायची खुर्ची अब्बांनी स्वतः उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. ती का नेली, ते आम्ही बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही विषय निघाला की अम्मी उठून आत जाते.

अब्बा डॉक्टर नव्हते. ऐन तारुण्यात नागपूरला एका चष्मेवाल्याकडे राहून ते भिंगं घासायला आणि नंबर काढायला शिकले. मग बल्लारपूरला येऊन त्यांनी दुकान टाकलं. त्यांच्याकडे लाकडाची एक पेटी होती. आत मखमलीच्या खाचांमध्ये गोल भिंगं ओळीनं उभी असायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अब्बा त्याच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवायचे आणि एकेक भिंग त्यात टाकत विचारायचे, "हे साफ दिसते, का हे? मंग हे?" घरात आम्ही हिंदी बोलतो, पण दुकानात अब्बांची भाषा गिऱ्हाइकाची. पेपर मिलचे कामगार, घुग्घुसकडचे खाणीतले लोक, गोंडपिपरीकडून बाजाराला आलेल्या बायाबापड्या. एखाद्या म्हाताऱ्याला भिंतीवरचा तक्ता एकदम स्पष्ट दिसला की तो गप्प होऊन नुसता बघत बसायचा. अब्बाही मग घाई करायचे नाहीत. "पाहू द्या त्याले," म्हणायचे.

ते नेहमी म्हणायचे की आपल्या दुकानातून धूसर डोळे घेऊन कुणी परत गेलं नाही. ही बढाई नव्हती, त्यांचा तसा विश्वासच होता. माणसाला नीट दिसत नसेल तर त्याच्यासाठी एक भिंग पेटीत असतंच, फक्त ते सापडायला हवं, असं ते मला लहानपणी सांगायचे. मलाही ते पटलं होतं. त्यांच्याच हट्टानं मी नागपूरला डोळे तपासायचा अभ्यासक्रम केला आणि चंद्रपूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागले. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. घरी आले की अब्बा दवाखान्यातल्या यंत्रांबद्दल बारीकसारीक विचारायचे. मात्र स्वतः येऊन बघा म्हटलं की विषय बदलायचे.

त्यांचं बिघडतंय हे माझ्या आधी अम्मीच्या लक्षात आलं, पण वेगळ्या रीतीनं. ती म्हणायची, हे आताशा वेंधळे झालेत. अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर पाय देऊन गेले. दाराच्या कडेला खांदा आपटला. मोहल्ल्यातले लोक तक्रार करू लागले की तुमचे अब्बा रस्त्यात सलाम घेत नाहीत, मोठे झाले काय? त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं. एकदा मी दुकानात गेले तर एक बाई त्यांच्या डाव्या हाताला केव्हाची उभी होती आणि अब्बा समोर बघत भिंग पुसत होते. ती खाकरली तेव्हा ते एवढे दचकले की भिंग हातातून पडलं.

मी म्हटलं, "अब्बा, एकदा चला दवाखान्यात."

"कशाला? माझी नजर तुझ्यापेक्षा चांगली आहे." त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचून दाखवली. मला वाटलं पाठ असेल. म्हणून मी पिशवीतल्या औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं त्यांच्यापुढं धरली. तीही त्यांनी वाचली. त्यामुळं आणखी काही महिने असेच गेले. ते महिने मी वाया घालवले, ही गोष्ट मला आजही सुखानं बसू देत नाही. सरळ समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं आणि नजर कडेकडेनं मरत येते, असा एक आजार असतो, हे मी पुस्तकात शिकले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

शेवटी अम्मीनं जेवणावरून उठून जायची धमकी दिली तेव्हा ते आले. नजरेचा घेर मोजायची तपासणी मीच केली. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्यावर बघत होते. उजेड लागत होता, विझत होता. बटणाचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, बटण बिघडलं. मी ते त्यांच्या हातातून घेऊन दाबून पाहिलं. ते ठीक होतं.

"अब्बा, उजेड दिसला की दाबा."

"दिसला की दाबतोच आहे, बेटा. तू सुरू कर ना."

मी म्हटलं, "सुरू आहे."

खोलीत यंत्राची घरघर चालू होती.

कागद बाहेर आला तो जवळजवळ सगळा काळा. उजव्या डोळ्याच्या चित्रात मधोमध थोडी पांढरी जागा, डाव्या डोळ्याच्या चित्रात तेवढीही नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की काचबिंदू आहे, जुना आहे, डोळ्यातला दाब वाढून नस सुकत गेली आहे. गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं टिकावं म्हणून रोज थेंब टाकायचे, न चुकता. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भिंगाचा काही उपयोग?" डॉक्टर नाही म्हणाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. बाबुपेठ मागं पडल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "या आजारात माणसाचा जवळचा नंबर सारखा बदलतो का?"

"एका प्रकारात बदलतो. चार-सहा महिन्यांत चष्मा अपुरा पडायला लागतो."

"आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसते? कपाळ दुखते?"

"हो. तुम्हाला दिसतं का?"

"मला नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी त्यांनी मला थांबवून सांगितलं. आष्टीच्या पलीकडून एक बाई यायची. पंचेचाळिशीची असेल. गावात ब्लाऊज शिवायची. तिची लेक बल्लारपूरला दिलेली, जावई पेपर मिलमध्ये, म्हणून लेकीकडे आली की अब्बांच्या दुकानात यायची. पहिल्यांदा आली ती सुईत दोरा जात नाही म्हणून. अब्बांनी जवळचा चष्मा दिला. पाच महिन्यांनी परत आली, म्हणाली यानं भागत नाही. अब्बांनी नंबर वाढवला. आणखी काही महिन्यांनी तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, भाऊ, संध्याकाळी बल्बाभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसते आणि कपाळ ठणकते. अब्बांनी पेटीतली भिंगं पुन्हा पुन्हा बदलून पाहिली. शेवटी तिला वर दूरचा आणि खाली जवळचा असा दुहेरी भिंगाचा चष्मा करून दिला आणि बजावलं, हा काढायचा नाही, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागते.

"त्यानंतर ती आली नाही," अब्बा म्हणाले. "मी खूश होतो. म्हटलं, तिसरा बरोबर बसला."

जावयाला ते चेहऱ्यानं ओळखत होते. विचारत विचारत मी त्या लेकीच्या घरी पोचले. ती दारात कपडे पिळत होती. मी दुकानाचं सांगितल्यावर तिनं हातातलं कापड बादलीत टाकलं.

"आईचे डोये गेले," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधीच गेले. तुमी काऊन विचारून राह्यल्या?"

"अब्बांना त्यांना भेटायचं आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, गावाचं नाव आणि उतरायची जागा सांगितली आणि दार लावून घेतलं.

मी अब्बांना म्हटलं, मी एकटी जाऊन येते. ते ऐकेनात. एसटीनं निघालो. थंडीचे दिवस होते, धान कापून झाला होता, शेताच्या बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवले होते. गोंडपिपरी गेलं. आष्टीच्या पुलावर गाडी आली तेव्हा अब्बांनी विचारलं, "वैनगंगा आली का?" ती त्यांच्या उजव्या हाताला खिडकीखालीच होती. मी त्यांना मान वळवायला सांगितली. त्यांनी ती वळवली, मग थोडी खाली केली, मग पुन्हा वर, आणि असं तुकड्या-तुकड्यानं नदीचं पात्र पाहिलं. तोवर पूल संपला.

आष्टीहून मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून आम्ही फाट्यावर उतरलो. गाव सागाच्या जंगलाला लागून होतं. ती बाई अंगणात पोत्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. बोटं भराभर चालत होती. मागं पडवीत शिलाई मशीन होती, तिच्यावर जुनी चादर टाकलेली. आणि बाईच्या डोळ्यांवर चष्मा होता. जाड, दुहेरी भिंगाचा. अब्बांनी बनवलेला.

पावलं ऐकून ती म्हणाली, "कोन आहे?"

"बाई, मी बल्लारपूरचा चष्मेवाला," अब्बा म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "अरे भाऊ! एवढ्या दूर? बसा, बसा." तिनं घरात हाक दिली. तिचा नवरा बाहेर आला, त्यानं खाट टाकली, पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकला.

मी पुढं होऊन सांगितलं की मी त्यांची मुलगी, डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, डोळे बघू का? तिनं मान हलवली. मी चष्मा न काढताच टॉर्च मारली. डाव्या डोळ्याला काहीच कळलं नाही. उजव्याला उजेड आहे एवढं कळलं. बाहुल्या मोठ्या आणि थिजलेल्या होत्या.

"तुम्ही दवाखान्यात कधी गेलात?" मी विचारलं.

"उशीरच झाला," नवरा म्हणाला. "पह्यले ही म्हनत होती का चष्म्याची सवय झाली नाई आजून. होईन, होईन म्हनत राह्यली."

"भाऊनं सांगतलं होतं ना, टाइम लागते म्हनून," बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं जसं झालं तसं सांगितलं. "मंग मी काढलाच नाई. झोपतानी तेवढा काढो. आताही घातला त कपाय कमी दुखते, असं वाटते मले."

अब्बा खाटेच्या कडेवर बसले होते. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या डोयाले चष्मा नोको होता. डॉक्टर पाह्यजे होता. तुमी मले सगळं सांगतलं होतं, बल्बाभोवती कडं दिसते हेही सांगतलं होतं. मले समजलं नाई. समजलं नाई त तसं म्हनाले पाह्यजे होतं, जा दवाखान्यात. मी तीनदा चष्माच देला."

शेंगा सोलणारी बोटं थांबली. नवऱ्यानं आधी अब्बांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

बाईनं विचारलं, "तवा डॉक्टरकडे गेली असती, त आज दिसलं असतं मले?"

दवाखान्यात अशा वेळी आम्ही एक वाक्य म्हणतो, की तसं नक्की सांगता येत नाही. ते पुरतं खोटं नसतं. मी ते म्हणायला तोंड उघडलं होतं.

"हो," अब्बा म्हणाले. "दिसलं असतं."

कोंबड्या शेंगांच्या फोलपटांत चोची मारत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. मग तिनं चष्मा काढला, पदरानं दोन्ही भिंगं पुसली, दांड्या मिटल्या आणि हात पुढं केला. अब्बा जिथं बसले होते तिथून हात थोडा बाजूला, त्यांच्या डाव्या अंगाला गेला. तिला ते कुठं बसलेत हे दिसत नव्हतं आणि त्यांना तिचा हात दिसत नव्हता. चष्मा तसाच हवेत राहिला.

"घ्या ना," ती म्हणाली. "काऊन घेत नाई?"

मी उठून तो तिच्या हातातून घेतला आणि अब्बांच्या हातात दिला.

नवरा उठला. "चा ठेवतो," तो पुटपुटला.

"राहू दे," बाई म्हणाली. "त्यायची गाडी चुकन."

गाडीला अजून दोन तास होते हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी एका कागदावर दवाखान्याचा पत्ता लिहिला. नवऱ्याला समजावलं की डोळ्यांत दाब राहिला तर ठणका वाढत जाईल, म्हणून एकदा आणाच, आणि हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून लेकीलाही तपासून घ्या. त्यानं कागद दुमडून खिशात ठेवला. बाई पुन्हा शेंगा सोलायला लागली होती. आम्ही निघतो म्हणालो तेव्हा तिनं मान वर केली नाही.

फाट्यावर सागाखाली बसून आम्ही गाडीची वाट पाहिली. तिथं मी अब्बांना विचारलं, "तुमचंही तेच झालंय, हे का नाही सांगितलं? तिला थोडं बरं वाटलं असतं."

"काय बरं वाटलं असतं?" ते म्हणाले. "तिला माझ्यावर दया करावी लागली असती. मी तिच्याकडून आणखी तेही घेऊ?"

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची मागं नेली, तक्ता उतरवला. कुणी नंबर काढायला आलं की ते सांगू लागले, आधी चंद्रपूरला जाऊन डोळे दाखवा, कागद आणा, मग चष्मा करून देतो. लोक वैतागायचे. साध्या चष्म्यासाठी डॉक्टर कशाला, म्हणायचे. बहुतेक जण चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेले, तिथं पाच मिनिटांत नंबर निघतो. चाळिशीच्या आसपासचे काही जण मात्र अब्बांच्या सांगण्यावरून दवाखान्यात आले. त्यातल्या काहींना खरंच आजार निघाला. मी घरी येऊन सांगायचे. त्यांना त्यानं आनंद होईल असं मला वाटायचं, पण ते प्रत्येक वेळी विचारायचे, "याच्या आधी असे किती आले असतील माझ्याकडे?" जुनी गिऱ्हाइकं आठवत ते तासन्‌तास बसायचे. एखाद्याचा पत्ता लागला तर फोन करून विचारायचे, दिसते ना नीट? समोरचा हसायचा. म्हातारपणी अब्बांचं डोकं फिरलं, अशी बोलवा झाली.

थेंब ते दिवसातून दोनदा टाकतात. तरी घेर हळूहळू आवळत चालला आहे. आता त्यांना माणसाचा चेहरा एका वेळी सगळा दिसत नाही. डोळे दिसले तर ओठ दिसत नाहीत. अम्मी रागावली आहे की हसते आहे, हे ते आवाजावरून ओळखतात. माझ्याही डोळ्यांचा दाब दर वर्षी थोडा थोडा वर सरकतो. अजून काठावर आहे. हे मी घरात सांगितलेलं नाही.

ती बाई पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर दवाखान्यात येऊन गेली. औषधानं तिचा ठणका थांबला. नजरेचं काही होण्यासारखं नव्हतं. तपासणीभर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

लेक त्याआधीच, आम्ही गावी जाऊन आल्यावर दोन महिन्यांनी, तो दुमडलेला कागद घेऊन आली होती. तिच्या डोळ्यांची घडण आईसारखीच निघाली, पण नस शाबूत होती. लेझरनं डोळ्यातल्या पाण्याला बारीक वाट करून दिली की धोका टळतो. ते केलं. आता ती दर सहा महिन्यांनी येते. हनुवटी यंत्रावर ठेवते, वर बघा म्हटलं की वर बघते, खाली म्हटलं की खाली. कामापुरतं बोलते.

मागच्या खेपेला तिनं हनुवटी उचलून विचारलं, "तुमचे बाबा बजारात काठी घेऊन चालत होते. त्यायले दिसत नाई का?"

"कमी दिसतं."

"कायनं?"

"तुमच्या आईला आहे तोच आजार," मी म्हटलं. "प्रकार वेगळा. तुमच्या गावी आलो होतो तेव्हापासूनच आहे."

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

"आईले सांगू का?" तिनं विचारलं.

मी तिला मान मागं टेकवायला सांगितलं, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि ते मिटून ठेवायला सांगितलं.